एका हाताचा घड्याळजी

नात जन्मली त्या वर्षीची ही गोष्ट. मावशीची सून शाळेत शिक्षिका, आणि बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा घेऊन ती घरी बसली होती. पोर गुणाची, दिवसभर झोपायची. रोज चाळीस मुलांवर ओरडायची सवय असलेल्या बाईला असं गप्प घर सोसेना. दुसऱ्याच महिन्यात तिने सासूला समोर बसवलं आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.

"आई, आज 'ग'."

"अगं, छप्पन्न वर्षं 'ग'वाचून माझं काही अडलं नाही."

"अडलं नाही कसं? बसचा नंबर लोकांना विचारता. बाटलीत काय आहे ते वास घेऊन ओळखता. मागच्या वर्षी बाबांच्या खोकल्याच्या औषधाने खिडकीच्या काचा पुसल्यात."

"चकचकीत झाल्या होत्या की."

"आणि बाबा?"

"त्यांचा खोकला आपोआप गेला. आता कुठे आहे तो 'ग' ते दाखव."

मांडीवर नात, समोर सासू. सूनबाई दोघींना एकाच वेळी बोबडे बोल शिकवत होती, आणि दोघींत सासूच जास्त रडायची. पण मावशी मुळात हट्टाची. लादीवरचा डाग निघेपर्यंत गुडघ्यावरून न उठणारी. चार महिन्यांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचली.

तिला मावशी म्हणायचे ते फक्त भाचे नव्हेत. बंदराजवळ जुन्या जकात कचेरीत शहराचं संग्रहालय होतं. तिथे ती तीस वर्षं झाडलोट करत होती, आणि त्या इमारतीत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस तिला मावशी म्हणे. एक्याऐंशी वर्षांचे मोठे सरसुद्धा. "अहो सर, मी तुमच्या लेकीच्या वयाची," ती म्हणायची. सर म्हणायचे, "मावशी हा हुद्दा आहे. त्याला वय नसतं."

संग्रहालयात तीन खोल्या होत्या. पहिलीत बंदराची अवजारं, तिसरीत भांडी आणि नाणी. मधल्या खोलीत बारा तसबिरी. शहरातल्या जुन्या माणसांची, तेलरंगात काढलेली, दोनशे वर्षांपूर्वीची. प्रत्येक चौकटीच्या खालच्या पट्टीवर एक पितळी पाटी, कोण होता आणि काय केलं ते सांगणारी.

माणसं यायची ती सातव्या तसबिरीसाठी. हाच तो एका हाताचा घड्याळजी. रुंद खांदे, दाढी, उजवी बाही खांद्यापासून मोकळी, टोकाला टाचलेली. खाली पाटी: 'शहराच्या मनोऱ्याचे घड्याळ याने बनवले. तीनशे बारा चाके. कारागीर एकटा.'

एकटा, आणि हात एक! मनोऱ्यावरचं घड्याळ अजून चालू होतं, चौकात उभं राहिलं की दिसायचं. त्यातलं सगळ्यात लहान चाक नखाएवढं. एका हाताने ते बसवायचं कसं? कोणी म्हणे, पायाच्या बोटांनी. कोणी म्हणे, दातांनी. शाळेच्या सहली आल्या की मुलं एक हात पाठीमागे बांधून बाटलीचं झाकण फिरवायचा प्रयत्न करत, आणि मावशीला मग खोलीभर झाकणं वेचावी लागत.

या घड्याळजीनेच मोठ्या सरांना इथे अडकवून ठेवलं होतं. ते आले होते बदलीवर, संग्रहालयाचे प्रमुख म्हणून, एका वर्षासाठी, नाखुशीने. पहिल्या दिवशी खोलीतून फिरताना सातव्या तसबिरीपाशी थांबले आणि जे थांबले ते निवृत्त होईपर्यंत हलले नाहीत. पुढे त्यांनी चौऱ्याण्णव पानांचं पुस्तक लिहिलं. तसबिरीत घड्याळजीच्या मागे जाड दोरखंडाचं वेटोळं होतं. त्यावर सरांची दोन पानं होती. मनोऱ्याच्या घड्याळाची वजनं दोरावर लोंबतात, म्हणून तो दोर. कोपऱ्यात मोठा कंदील होता. त्यावर अर्धं पान. सरांची बायको असेपर्यंत म्हणायची, "माझी सवत एका हाताची आहे, आणि तिला दाढी आहे."

निवृत्त झाल्यावरही सर रोज सकाळी दहाला येत. काठी दाराला टेकवत, सातव्या तसबिरीसमोर उभे राहत आणि विचारत, "काय मावशी, आज काही बोलला का?"

"नाही सर. तुमचीच वाट बघत होता."

असं बावीस वर्षं चाललं होतं.

आता मावशी वाचायला लागली, तर सराव कुठे करणार? एका हातात फडकं, दुसरा हात पाटीवर, बोट अक्षराअक्षरावरून सरकवत ती रोज एक तसबीर वाचू लागली. पहिली सहा झाली. सातवी तर ऐकून पाठच होती. आठवी झाली. मग नवव्यापाशी आली.

नववा माणूस तिच्या ओळखीचा. बारीक चणीचा, गळ्यात दोरीला डोळ्याला लावायचं भिंग, दोन्ही हात समोर टेबलावर. बोटं लांब, निमुळती, टोकांना बारीक बारीक कापल्याच्या खुणा. तिला वाटायचं, हा माणूस सुईचं काम करत असणार. पाटी कधी कोणी वाचून दाखवली नव्हती, कारण नवव्यापुढे कोणी थांबतच नसे.

ती वाचू लागली. "दी... प... गृ... हा... चा राखणदार. वादळात बुडत्या जहाजावरची सत्ते... सत्तेचाळीस माणसे दोराने ओढून काढली. त्यात उजवा हात गेला."

तिने नवव्याचा उजवा हात पाहिला. होता. पाचही बोटांसकट होता.

मग मान वळवून तिने सातव्याकडे पाहिलं. रुंद खांदे. दोरखंड. कंदील. मोकळी बाही.

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि नवव्याची पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

एकोणतीस वर्षांपूर्वीचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिचा मुलगा पहिली पावलं टाकत होता त्या वर्षी भिंती रंगवायला काढल्या होत्या. बाराही तसबिरी उतरवल्या, पाट्या स्क्रू काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या. मावशी तेव्हा कामावर नवी, उत्साहाची. तिला अक्षरं येत नव्हती, पण पाट्या ती डागांवरून ओळखायची. ही माशी बसल्यासारख्या डागाची, ही हिरव्या कोपऱ्याची, ही मधे पोचा असलेली. कुठली कुणाखाली, झोपेतही सांगितलं असतं. पण नव्या रंगाच्या भिंतीवर मळक्या पाट्या कशा लावायच्या? तिने दोन दिवस बसून राख आणि लिंबाने बाराच्या बारा घासल्या. आरशासारख्या केल्या. आणि लावायची वेळ आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की एकाही पाटीवर डाग उरला नाही.

दहा पाट्या लांबीवरून जुळल्या. दोन अगदी सारख्या होत्या. तेव्हाचे साहेब रजेवर. रंगाऱ्यालाही वाचता येत नव्हतं. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा, म्हणाला, "ताई, लवकर सांगा, कुठली कुठे?" तिने अंदाजाने बोट दाखवलं.

त्यानंतर वर्षभर ती साहेबांपुढून जाताना मान खाली घालायची. मग ते साहेब गेले, मोठे सर आले आणि त्या पाटीवर इतके खूश झाले की तिला वाटलं, चला, बरोबरच लागली असेल. एवढी शिकलेली माणसं येतात-जातात. चुकलं असतं तर कोणीतरी बोललं नसतं का?

कोणी बोललं नव्हतं.

नेमकं त्याच महिन्यात नव्या दालनाचं निघालं. तिसऱ्या खोलीला लागून एक लांबट खोली रिकामी होती. तिच्या भिंतीत पाच कोनाडे होते. सध्याच्या प्रमुख म्हणजे मॅडम, तरुण, चटपटीत, चालताना बोलणाऱ्या आणि बोलताना चालणाऱ्या. त्यांनी ठरवलं, इथे शहराच्या इतिहासातली पाच खरोखर गूढ माणसं ठेवायची. कोण ठेवायची, ते ठरवायला समिती नेमली: मॅडम, मोठे सर, शहरातल्या वर्तमानपत्राचे संपादक आणि एक म्हातारे डॉक्टर, ज्यांचा कशावरच विश्वास नव्हता. चहा आणि फडकं मावशीकडे.

पहिल्याच बैठकीला संपादक एकतीस नावं घेऊन आले. डॉक्टर त्यातलं एकेक झाड तोडावं तसं पाडत गेले.

"मुखवटा घालून फिरणारा सेनापती," संपादक म्हणाले. "आयुष्यभर कोणी चेहरा पाहिला नाही!"

"तोंडावर देवीचे व्रण असतील. पुढे."

"रात्रीतून केस पांढरे झालेली सावकारीण."

"कलप संपला असेल. पुढे."

"अहो डॉक्टर, मग गूढ म्हणायचं तरी कोणाला?"

मोठे सर इतका वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, "ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, तो गूढ नव्हे, तो नुसता अनोळखी. त्याचं काय कौतुक? ज्याच्याबद्दल पुष्कळ माहीत आहे आणि तरी मेळ बसत नाही, तो गूढ."

"मान्य," डॉक्टर म्हणाले. "पण माझी एक पुस्ती. कोणाची चूक नसली पाहिजे. निम्मी गूढं कारकुनांनी केलेली असतात. कोणीतरी डुलक्या घेत भलत्याच रकान्यात लिहितो, आणि पुढे दोनशे वर्षं पंडित डोकं खाजवतात."

मावशी ओतत असलेला चहा डॉक्टरांच्या बशीत सांडला. "गरम आहे," ती म्हणाली, आणि ट्रे ठेवून बाहेर गेली.

पण ती दाराआडच उभी राहिली. आत हशा पिकत होता, आणि ती आवडीने ऐकत होती, कारण प्रकरण रंगात आलं होतं. बंदरावर सापडलेला एक माणूस होता, सहा भाषा बोलायचा, आणि त्या त्या भाषेचे खलाशी शपथेवर सांगायचे की हा आमच्यातला नाही. तो पास झाला. शहराबाहेर एकदाही न गेलेली एक नकाशे काढणारी बाई होती. तिने काढलेलं बेट तिच्यानंतर चाळीस वर्षांनी जसंच्या तसं सापडलं.

"खलाशांनी सांगितलं असेल तिला," डॉक्टर म्हणाले.

"कुठल्या? तिथे तोवर कोणी गेलंच नव्हतं."

 बाई पास.

तीन वेगवेगळ्या वर्षी मृत्यूची नोंद झालेला एक पाववाला होता. डॉक्टर म्हणाले, "याच्यावर मी बोलत नाही. आमच्या दवाखान्यातही असं व्हायचं. पण तिन्ही नोंदींवर त्याची स्वतःची सही आहे म्हणता? मग ठेवा." आणि कोठडीचं दार उघडं असताना अकरा वर्षं आत बसून राहिलेला कैदी.

"बाहेर बायको असेल," डॉक्टर म्हणाले.

"लग्न झालं नव्हतं."

"अरे! मग गूढच."

चार झाले. पाचव्यावर चर्चाच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "पाचवा कशाला, पहिलाच म्हणा. आमंत्रणपत्रिकेवर त्याचंच चित्र जाणार. पुढच्या सोमवारी मतं घेऊन शिक्कामोर्तब, आणि मंगळवारी यादी पाट्या कोरणाऱ्याकडे."

 बाहेर येताना मोठ्या सरांनी सातव्या तसबिरीला काठी उंचावून सलाम केला, आणि मावशीला ते दिसलं.

त्या संध्याकाळी मावशीने वही उघडली नाही. सुनेने विचारलं, तर तिने पोरीला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. सून आधी हसली. मग सासूचं तोंड पाहून हसणं गिळलं.

"आई, सांगून टाका."

"काय सांगू? की सर, तुमचं चौऱ्याण्णव पानांचं पुस्तक म्हणजे माझी राख आणि माझं लिंबू? अगं, त्या माणसाचा सगळा जन्म त्या बाहीवर टांगलेला आहे. बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी येऊन तिथेच उभे राहिले होते. ती बाही मी काढून घेऊ?"

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर मी मरेपर्यंत गप्प. एवढी वर्षं गप्पच होते."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे." सून पोरीची कुंची नीट करत म्हणाली, "बरोबर आहे म्हणा. आता तुम्ही शिकलात. माहीत असून गप्प बसणं, हे शिकलेल्यांचंच लक्षण."

"जीभ आहे का कात्री?"

"शिक्षिकेची आहे. आणि एक विचारू? सर रोज त्या तसबिरीला काय विचारतात?"

मावशी पोरीला थोपटू लागली. सर रोज काय विचारतात, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बावीस वर्षं एक म्हातारा रोज सकाळी एकच प्रश्न विचारत होता, आणि उत्तर त्याच्या शेजारी फडकं घेऊन उभं होतं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. सर एक्याऐंशीचे. प्रश्न तसाच घेऊन गेले, तर?

सोमवार उजाडला. सरांच्या हट्टाने बैठक तसबिरींच्या खोलीतच भरली, सातव्याच्या समोर. मावशीने चहा दिला आणि ती दाराशी न जाता तिथेच उभी राहिली.

मॅडमनी चार नावं वाचली, चारही मंजूर झाली. मग म्हणाल्या, "आणि आपला घड्याळजी. हात वर."

संपादकांनी दोन्ही हात वर केले. "एक त्याच्या वतीने," ते म्हणाले. डॉक्टरांनी कुरकुरत एक बोट वर केलं. सरांनी काठी वर केली आणि मान वळवली. "मावशी, तुम्हीसुद्धा. आमच्यापैकी कोणाहीपेक्षा तुम्ही त्याला जास्त ओळखता."

मावशीचा हात वर गेला नाही. फडकं घट्ट धरून ती म्हणाली, "सर, तो घड्याळजी नाही."

संपादकांचे दोन्ही हात वरच राहिले.

"तो दीपगृहाचा राखणदार आहे. घड्याळजी तो, नववा. पाट्या मी लावल्या. मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

आणि मग धरण फुटावं तसं तिने सगळं सांगितलं, राख, लिंबू, रंगारी, बोट. मधे कोणाला बोलू दिलं नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

पहिल्यांदा डॉक्टरांना कंठ फुटला. "पुरावा?"

"पुरावा कशाला? त्याच्या मागे दोर आहे, कंदील आहे. याच्या गळ्यात भिंग आहे, बोटांना खुणा आहेत. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

"भिंगावर माझी तळटीप आहे," मोठे सर हळूच म्हणाले. "दीपगृहावरून दूरची जहाजं बघायला. आणि हात शाबूत, कारण चित्र वादळाआधीचं."

"सर, त्या भिंगातून हातभर अंतरावरची माशी दिसेल. जहाज कसं दिसेल?"

सर खुर्चीत पुढे सरकून नवव्याचं भिंग निरखू लागले.

"आणि पुरावाच हवा असेल," मावशी म्हणाली, "तर पाट्यांच्या पाठी मी कधी घासल्या नाहीत. तेव्हा उलटून बघायचं सुचलं नाही. हिरव्या कोपऱ्याची पाटी नवव्याखाली असायची. पाटीचा हिरवा डाग लाकडावर उतरतो. स्क्रू काढून बघा."

मॅडम धावत जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या. स्क्रू एकोणतीस वर्षांचे, सहज निघेनात. अखेर नवव्याखालची पाटी निघाली, तेव्हा चौकटीच्या लाकडावर डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग होता, आणि निघालेल्या पाटीची पाठ स्वच्छ, एकसारखी पिवळी. मग सातव्याखालची काढली. मावशीने ती उलटी केली. कोपऱ्यात हिरवा डाग.

"हीच ती," मावशी म्हणाली. जुनी मैत्रीण भेटावी तशी तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग तिला आठवलं की आपण कोणाचं काय केलं आहे, आणि तिने सरांकडे पाहिलं.

मोठे सर खुर्चीत बसले होते. मान खाली, दोन्ही हात काठीवर. खांदे हलत होते. मॅडम घाबरून पुढे झाल्या. डॉक्टरांनी सरांचं मनगट धरलं. 

मग सरांनी तोंड वर केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज फुटत नव्हता, इतके ते हसत होते.

"दोरावर," ते कसेबसे म्हणाले, "दोरावर मी दोन पानं लिहिली! सुतावरून स्वर्ग गाठतात. मी दोरखंडावरून गेलो!"

"नाडी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं काही ठीक नाही."

आणि मग तेही हसायला लागले. संपादक आधीच टेबलावर डोकं टेकून हसत होते. मॅडम हसत आणि रडत होत्या, कारण आमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. मावशी एकटी फडकं पिळत उभी.

"सर, माफ करा हो."

"माफ? अहो मावशी!" सरांनी डोळे पुसले. "मला एकच धास्ती होती. उत्तर न कळता जावं लागणार. गेली दहा वर्षं सकाळी उठलो की आधी तेच मनात यायचं. आणि तुम्ही मला उत्तर आणून दिलंत, चहाबरोबर!" ते उठले आणि काठी न घेताच नवव्या तसबिरीपाशी गेले. बारीक चणीच्या त्या माणसासमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दोन हातांकडे पाहिलं, त्या कापलेल्या बोटांकडे पाहिलं.

"तर आपण होय," ते म्हणाले. "तीनशे बारा चाकं. दोन्ही हातांनी. सुंदर." मग सातव्याकडे वळून म्हणाले, "आणि आपण. सत्तेचाळीस माणसं ओढून काढलीत, हात दिलात, आणि मी तुम्हाला इतकी वर्षं घड्याळं विचारत बसलो. बोलणार कसे तुम्ही?"

"दिव्याखाली अंधार," डॉक्टर म्हणाले.

"पण हे झालं कसं?" मॅडमना ते पटेना. "हजारो लोकांनी पाहिलं. कोणालाच कसं दिसलं नाही?"

मावशीला उत्तर माहीत होतं, पण सांगावं की नाही कळेना. शेवटी म्हणाली, "शिकलेली माणसं आधी पाटी वाचतात मॅडम. मग चित्रात तेच बघतात. मला पाटी वाचता येत नव्हती, म्हणून मी चित्र बघायची. आणि वाचता आली तेव्हा दोन्ही बघितलं."

"हे छापू का?" संपादक वही काढत म्हणाले.

"आधी पाचवा कोण ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "दोघेही बाद. एकाने सरळ घड्याळ केलं, एकाने सरळ माणसं वाचवली. गूढ कुठे उरलं? कोनाडा रिकामा, आणि उद्या यादी द्यायची आहे."

संपादकांनी मुखवट्याचा सेनापती पुन्हा पुढे केला. डॉक्टरांनी पुन्हा पाडला. तेवढ्यात मोठे सर म्हणाले, "माझ्याकडे एक उमेदवार आहे. माहिती भरपूर आहे आणि मेळ मुळीच बसत नाही. एक माणूस. डोळे चांगले. शिक्षण उत्तम. रोज सकाळी दहाला एका चित्रासमोर उभा राहतो. शेजारच्या चित्रात गळ्यात भिंग अडकवलेला घड्याळजी आहे, आणि तो त्याला बावीस वर्षं दिसत नाही. का? डॉक्टर, सांगा."

डॉक्टरांनी बराच विचार केला. "याचं वैद्यकीय कारण मला सापडत नाही."

"मग मी पास."

"पण तुम्ही इतिहासातले कुठे आहात?" मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

"थोडा दम धरा. एक्याऐंशी झाली. कोनाडा राखून ठेवा, मी लवकरच पात्र होतो."

"सर!" मावशी ओरडली. "असलं बोलायचं नाही!"

"पाटी मात्र तुम्ही लिहायची, मावशी. तुमच्या हस्ताक्षरात. कोरणाऱ्याला सांगू, अक्षर वाकडं तर वाकडं, जसंच्या तसं उठव. पाटीचा डाग तुम्ही घालवलात, आता एक पाटी तुम्ही लिहा. फिटंफाट."

त्या रात्री जेवण लवकर आटोपून घरी सासू-सून वहीवर वाकल्या. मावशीने नऊ कागद फुकट घालवले. 'शिकलेला' या शब्दापाशी पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. सून म्हणाली, "मी लिहून देऊ?" मावशी म्हणाली, "तुझं अक्षर फार सुंदर. लोक तेवढंच बघतील." दहाव्या कागदावर जमलं:

'हा शिकलेला माणूस. याने पाटी वाचली, चित्र पाहिले नाही. कारण अजून कळलेले नाही.'

चार कोनाड्यांसह दालन उघडलं. पाचवा रिकामा होता. त्यात सरांचं पुस्तक ठेवलं होतं, दोरखंडाच्या पानावर उघडं. लोक चारांपुढे आश्चर्य करत आणि पाचव्यापुढे हसत. मधल्या खोलीत पाट्या जागच्या जागी गेल्या, यावेळी स्क्रू मावशीने स्वतः पिळले. शाळेची मुलं आता हात पाठीमागे बांधत नव्हती; ती दोघं दोघं दोरी ओढत, एक जहाज आणि एक राखणदार. मावशीला झाकणांऐवजी सुतळी वेचावी लागे.

पाचव्याची पाटी कोरून आली ती मावशीच्या कपाटात राहिली. सर रोज दहाला यायचेच. आधी नवव्याला नमस्कार, मग सातव्याला. मग कपाटापाशी येऊन विचारायचे, "काय, चमकते आहे ना?"

"घासते की रोज. पण लावायची घाई नाही."

"पाठ घासू नका हं. डाग राहू द्या. पुढच्यांना उपयोगी पडतो."

पाटी पाचव्या कोनाड्याखाली पुढच्या वर्षी थंडीत लागली, एका शुक्रवारी सकाळी दहा वाजता. स्क्रू मावशीने पिळले, स्क्रू ड्रायव्हर सुनेने हातात दिला, आणि नुकती चालायला लागलेली नात कोनाड्याचा काठ धरून उभी होती. मोठे सर त्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी पहाटे, झोपेत गेले होते. वय ब्याऐंशी वर्षं.